गिअर पडत नाही, म्हणजे नक्की काय होतं?

माझं एक मत आहे, आणि नोकरीत जितकी वर्षं जातायत तितकं ते पक्कं होत चाललंय. बिघाड दुरुस्त करायला जेवढा वेळ आणि पैसा लागतो, त्याहून जास्त त्या बिघाडाला घाईघाईने दिलेल्या नावापायी जातो.

आमच्या हापिसात रोज तक्रार येते, "सिस्टिम चालत नाही." आता यात लॉगिन होत नाही, पान उघडतं पण कोरं येतं, माहिती सेव्ह होते पण दुसऱ्या दिवशी दिसत नाही, किंवा साहेबांच्या घरचं इंटरनेटच गेलंय, यातलं काहीही असू शकतं. गावाकडे या वाक्याची सख्खी बहीण आहे: "मोटर जळाली." विहिरीवरची मोटर व्यवस्थित फिरतेय, फक्त पाईपातून पाणी येत नाही. पुष्कळदा फूटव्हॉल्व्हमध्ये काडीकचरा अडकलेला असतो, त्यामुळे पाईपातलं पाणी खाली उतरतं आणि पंप नुसती हवा घुसळत बसतो. मोटर बिचारी शाबूत असते. पण तोवर कोणीतरी ती सोडवून, टेम्पोत घालून, तालुक्याला वाइंडिंगवाल्याकडे रवाना केलेली असते. आणि वाइंडिंगवाल्याच्या दारात पोचलेली मोटर वाइंडिंग न करता परत येणं जरा अवघडच!

आजचा विकांताचा विषय याच जातीचा आहे, फक्त यंत्र वेगळं आहे. होडी. हसू नका मंडळी. सध्या मी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात आहे. इथे गाड्यांच्या नंबरप्लेटवर '10,000 तळी' असं छापलेलं असतं आणि खरी संख्या त्याहूनही जास्त आहे. हिवाळ्यात तळी गोठतात, तेव्हा होडी पाण्यात घालायची ती साधारण मे ते सप्टेंबर. मधल्या महिन्यांत ती अंगणात ताडपत्रीखाली बर्फ खात पडलेली असते. माझ्या एका मित्राने, पुण्याचाच आहे, आणखी दोघांबरोबर वर्गणी काढून एक जुनी होडी घेतलीय. यंदा ती बाहेर काढली आणि पुढचा गिअर पडेना. एका वर्कशॉपने फोनवरच निदान केलं: "ड्राइव्ह गेला, आख्खा बदलावा लागेल." खर्च काही हजार डॉलर. तिघांनी मिळून होडी जेवढ्याला घेतली होती त्याच्या अर्ध्याच्या वर.

आता हा ड्राइव्ह म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

होडीला इंजिन लावायच्या दोन जुन्या पद्धती आहेत. एक म्हणजे आपल्या कोकणातल्या छोट्या होड्यांना दिसतं तसं मागे बाहेर टांगलेलं आउटबोर्ड. दुसरी म्हणजे इंजिन होडीच्या पोटात आणि त्याचा दांडा तळातून तिरका बाहेर. स्टर्नड्राइव्ह हे या दोघांचं लग्न. इंजिन होडीच्या आत, अगदी मागच्या भिंतीला चिकटून, आणि त्या भिंतीच्या बाहेर आउटबोर्डच्या पायासारखा एक पाय. जिम विन या अमेरिकन इंजिनिअरच्या कल्पनेवरून स्वीडनच्या वोल्वो पेंटाने 1959 मध्ये 'अ‍ॅक्वामॅटिक' नावाने तो बाजारात आणला. हा विन आधी मर्क्युरी कंपनीत कार्ल कीकहेफर यांच्या हाताखाली होता. खुद्द कीकहेफर यांनी 1961 मध्ये मर्कक्रूझर आणला. तेव्हापासून ही कल्पना तळ्यातळ्यांतून पसरली.

आतला रस्ता असा आहे. इंजिनाच्या मागे एक कपलर. त्यातून आडवा दांडा भिंतीबाहेर जातो. तिथे युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे पाय वळला किंवा वर उचलला तरी फिरणं थांबत नाही. मग वरच्या पेटीत बेव्हेल गिअर, तिथे ताकद काटकोनात खाली वळते. उभा दांडा. खालच्या पेटीत परत बेव्हेल गिअर, परत काटकोन, आणि शेवटी पंखा. हा झाला ताकदीचा रस्ता. गिअर टाकायच्या हुकमाचा रस्ता वेगळा आहे. चालकाच्या हातातला दांडा, तिथून एक केबल इंजिनावरच्या एका पट्टीपर्यंत, त्या पट्टीपासून दुसरी केबल भिंतीतून आरपार पायात, आणि तिथे क्लच सरकवणारी कळ. मित्राच्या ड्राइव्हमध्ये क्लच दातांचा होता आणि खालच्या पेटीत होता. इंजिन चालू असताना तिथली पुढची आणि मागची दोन्ही चाकं उलटसुलट फिरतच असतात. मधला दातांचा तुकडा ज्या चाकात जाऊन अडकेल त्या दिशेने पंखा फिरतो. काही बनावटींत याऐवजी कोनाच्या आकाराचा घर्षणाचा क्लच वरच्या पेटीत असतो.

म्हणजे बघा, दोन साखळ्या आहेत. एक ताकदीची, एक हुकमाची. आणि तक्रारीचं वाक्य एकच: "गिअर पडत नाही."

या एका वाक्यात निदान पाच वेगळे रोग बसतात. पहिला, हातातला दांडाच जड झालाय, सरकत नाही. दुसरा, दांडा सरकतो, इंजिन मोकळं गुरगुरतं, पण पंखा ढिम्म. तिसरा, पंखा फिरताना दिसतो, पण रेस केली की होडी जागची हलत नाही. इथे पंख्याच्या आतलं रबरी बूश सुटलेलं असू शकतं, दांडा आत फिरतो आणि पाती मागे राहतात. चौथा, गिअर टाकताना किंवा काढताना इंजिनच बंद पडतं. पुष्कळ ड्राइव्हमध्ये एक छोटा स्विच असतो, गिअर काढताना दातांवरचा भार क्षणभर कमी व्हावा म्हणून तो इग्निशन तोडतो. केबल जड झाली की हा स्विच गरजेपेक्षा जास्त वेळ दाबला जातो आणि इंजिन मरतं. पाचवा, गिअर पडतो पण कडकड करत सुटतो, म्हणजे दातांच्या कडा झिजल्यात. पाचांचे उपाय वेगळे, खर्च वेगळे. फोनवर मात्र पाचांचं उत्तर एकच मिळालं असतं: ड्राइव्ह गेला.

मित्राशी बोलणं झालं ते साधारण असं.

"रिव्हर्स पडतो का रे?"

"रिव्हर्स पडतो की. व्यवस्थित पडतो. पुढचाच पडत नाही."

"हे वर्कशॉपवाल्याला सांगितलंस?"

"त्याने विचारलंच नाही राव."

आता या एका उत्तरात किती माहिती आहे बघा. कपलर, आडवा दांडा, युनिव्हर्सल जॉइंट, वरचे गिअर, उभा दांडा, पंख्याचं बूश, हे सगळं पुढे जाताना आणि मागे येताना सामाईक आहे. रिव्हर्समध्ये होडी नीट मागे येते म्हणजे ही सगळी मंडळी निदान हळू चालण्यापुरती तरी निर्दोष आहेत. एक पानाही न उचलता साखळीचा मोठा भाग संशयातून बाहेर गेला. उरलं काय? पुढच्या दिशेचं चाक आणि त्याचे दात, नाहीतर हुकमाची साखळी, जी एका बाजूला पूर्ण सरकते आणि दुसऱ्या बाजूला कमी पडते.

माझा पहिला मुद्दा हाच. काय बंद आहे याची यादी सगळे करतात. काय चालू आहे याची यादी कोणी करत नाही, आणि निदान पुष्कळदा त्या दुसऱ्या यादीत बसलेलं असतं. हापिसातही मी हल्ली आधी हेच विचारतो. दुसऱ्या माणसाच्या लॉगिनने चालतंय का? मोबाईलवर चालतंय का? काल चाललं होतं का? लोकांना वाटतं हा टाळाटाळ करतोय. :)

दुसरा मुद्दा, साखळी मधोमध तोडा. कोड लिहिणाऱ्यांना हे नवीन नाही. हजार बदलांपैकी कुठल्या एकाने प्रोग्रॅम मोडला ते शोधायचं असेल, तर एकेक बदल तपासणारा माणूस म्हातारा होईल. मधला बदल घ्या, चालतोय का बघा, मग उरलेल्या अर्ध्याचा मधला घ्या. दहा चाचण्यांत हजार संपतात. गिटमधला 'बायसेक्ट' हा हुकूम दुसरं काही करत नाही. तोच नियम होडीला लागतो. हुकमाच्या साखळीचा मध्य म्हणजे इंजिनावरची ती पट्टी, जिथे दोन्ही केबलींची टोकं येऊन मिळतात. तिथे टोकं सोडवली की दोन तुकडे होतात, आणि प्रत्येकाची वेगळी परीक्षा घेता येते.

त्या शनिवारी आम्ही हेच केलं. शेजारी ट्रॅक्टरची दुरुस्ती करण्यात आयुष्य घालवलेले एक निवृत्त गृहस्थ राहतात, तेही उत्सुकतेने आले. होडी ट्रेलरवर, इंजिन बंद, किल्ली मित्राच्या खिशात. पंख्याजवळ हात न्यायचा असेल तर किल्ली लावलेली ठेवायचीच नाही, हा त्यांचा पहिला नियम. पट्टीवरची टोकं सोडवली. चालकाच्या बाजूची केबल लोण्यासारखी सरकली. ड्राइव्हच्या बाजूची रिव्हर्सकडे जायची, आणि पुढच्या गिअरकडे ढकलली की अर्ध्यावर अडून वाकायची. आता संशयित दोनच राहिले: ती केबल, किंवा पायातली कळ. मग पाय उतरवला. हे काम मात्र दोघांनी उचलण्याचं आहे, एकट्याने करू नये. उतरवलेल्या पायातली कळ हाताने फिरवली आणि वरून दांडा फिरवला. पुढचा गिअर, न्यूट्रल, रिव्हर्स, तिन्ही चोख. तेल काढून बघितलं. दुधाळ नाही, म्हणजे आत पाणी गेलेलं नाही, आणि धातूचे तुकडेही नाहीत. भिंतीतून लोंबणारी केबल मात्र पाय नसतानाही अर्ध्यावरच अडत होती. तिच्यावरचा रबरी भाता फाटलेला होता. पाणी आत शिरलं, हिवाळ्यात गोठलं, आतली तार गंजली. गुन्हेगार सापडला. किंमत? केबल आणि भाता मिळून मूळ अंदाजाच्या तुलनेत चिल्लर.

यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो मी टाळणार नाही. इथे मेकॅनिकच्या तासाला शंभराच्या वर डॉलर सहज पडतात. हंगाम जेमतेम चारपाच महिन्यांचा. वर्कशॉपच्या दारात होड्यांची रांग. अशा वेळी दोन दिवस कारण शोधत बसण्यापेक्षा आख्खा भाग बदलणं स्वस्त पडू शकतं. प्रवासी बोटीचा मालक असेल तर त्याला बोट उभी राहिल्याचं नुकसान केबलच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त आहे. आम्हीही रात्री तीन वाजता सर्व्हर पडला तर आधी तो परत सुरू करतो, कारणमीमांसा सकाळी. मान्य. सगळं मान्य.

पण मग तसं म्हणा ना! "कारण आम्हाला माहीत नाही, वेळ वाचवायला भाग बदलतोय" हे प्रामाणिक वाक्य आहे. ते ऐकून गिऱ्हाईक ठरवू शकतं. "ड्राइव्ह गेला" हे वाक्य निदानाचा वेष घालून आलेला अंदाज आहे, आणि त्या अंदाजाचं बिल अंदाज करणारा भरत नाही, दुसराच कोणीतरी भरतो. सर्व्हर परत सुरू करण्याआधी आम्ही लॉग बाजूला काढून ठेवतो, कारण सुरू केल्यावर पुरावा पुसला जातो. वर्कशॉपमध्ये हा लॉग म्हणजे काढलेलं तेल, सोडवलेली केबल, उतरवलेला भाग. तो गिऱ्हाइकाला दाखवायला काय हरकत आहे?

आणि केवळ पैशाचा प्रश्न असता तर मी इतकं लिहिलंही नसतं. चुकीचं निदान नव्या भागालाही खातं. समजा मित्राने ऐकून नवा ड्राइव्ह बसवला असता आणि जुनीच केबल जोडली असती. अर्ध्यावर अडणारी केबल नव्या दातांना अर्धंच अडकवणार. अर्धे अडकलेले दात भाराखाली सुटणार, परत अडकणार, कडा गोल होणार. कोनाचा क्लच असता तर तो पूर्ण न दाबल्याने घसरत राहून जळला असता. काही महिन्यांनी नवा ड्राइव्हही "गेला" असता आणि मग लोक म्हणाले असते, हल्ली मालच तसला येतो.

शेवटचा मुद्दा जिवाचा आहे. होडीला ब्रेक नसतो हे आपण रस्त्यावरची माणसं विसरतो. थांबायचं असेल तर रिव्हर्स हाच ब्रेक. धक्क्याला लागताना गिअर दगा देत असेल तर समोर लाकडी फळ्या असतात, दुसऱ्याची होडी असते, पाण्यात खेळणारी पोरं असतात. म्हणून गिअरची शंका असलेली होडी "पाण्यात घालून बघू या" असं म्हणायचं नाही. जमिनीवर जेवढं कळण्यासारखं आहे तेवढं आधी जमिनीवर कळून घ्यायचं. पंखा हाताने फिरवून बघता येतो: न्यूट्रलला मोकळा फिरायला हवा, आणि दातांच्या क्लचला पुढचा गिअर नीट पडला असेल तर निदान एका दिशेने तो अडायला हवा. दात दातांवर टेकले असतील तर पंखा जरासा हलवून परत बघायचं, दांड्यावर जोर काढायचा नाही. पंख्याच्या बुशाचा संशय असेल तर आतल्या आणि बाहेरच्या भागावरून रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवायची. चालवल्यावर रेघ तुटली तर बूश सुटलंय. रंगाच्या एका रेघेत होणारं निदान आहे हे. जमिनीवर इंजिन सुरू करायचंच असेल तर पाणी ओढायच्या जाळ्यांवर नळीची रबरी बोंडं लावून, नाहीतर थंड ठेवणारा पंप कोरडाच जळतो.

18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात काय झालं ते आपल्याला माहीत आहे. इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची एक वेगवान बोट नियंत्रण सुटून 'नीलकमल' या घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली. पंधरा माणसं गेली. त्या बोटीचं यंत्र कुठलं आणि बिघाड कसला, यावर इथे बसून शहाणपण शिकवायची माझी पात्रता नाही आणि इच्छाही नाही. तळ्यातल्या हौशी होडीशी त्याची तुलनाही होत नाही. पण एक गोष्ट मला कुठल्याही यंत्राबद्दल खरी वाटते: चाचणी ही नापास होण्यासाठीच असते. नापास झाली तर कमीत कमी नुकसान होईल अशी जागा आधी शोधायची, मग किल्ली फिरवायची. आमच्या धंद्यात याला वेगळी सिस्टिम ठेवणं म्हणतात, आणि तरी दर दोन महिन्यांनी कोणीतरी शूरवीर गिऱ्हाइकाच्या चालू डेटावर प्रयोग करतोच. आमच्याकडे डेटा जातो. पाण्यावर माणसं असतात.

तर सांगायचा मुद्दा एवढाच. पुढच्या वेळी कोणी तुमच्या गाडीचं, पंपाचं, फ्रीजचं, नाहीतर होडीचं नाव घेऊन "हे गेलं" म्हणेल, तेव्हा पाकिटात हात घालण्याआधी तीन प्रश्न विचारा. काय काय अजून चालतंय? शेवटचं नीट चाललं त्यानंतर मधे काय घडलं? आणि ही साखळी कमी कष्टात मधोमध कुठे तोडून बघता येईल? चांगला कारागीर असेल तर या प्रश्नांनी तो खूश होतो, दोन गोष्टी जास्तच सांगतो. आमचे ट्रॅक्टरवाले गृहस्थ तर अजून थांबायला तयार नाहीत. ज्याला प्रश्नांचा राग येईल त्याच्याकडे दुरुस्ती द्यायची की नाही, हे तुम्ही ठरवा. माझं ठरलंय.